प्लॅस्टिकचा पृष्ठभाग आणि आसंजन : साच्यातच करावयाचे उपाय

पत्र्याच्या डब्यावर तैलरंगाने लिहिलेले नाव वर्षानुवर्षे टिकते. लाकडी पेटीवरील अक्षरे पेटी मोडकळीस आली तरी वाचता येतात. परंतु प्लॅस्टिकच्या बादलीवर त्याच रंगाने व त्याच कुंचल्याने लिहिलेले नाव थोड्याच दिवसांत पापुद्रा सुटावा तसे निघून येते. शेतातही असाच अनुभव येतो. पीव्हीसीच्या नळाचा सांधा त्यासाठी मिळणारे द्रावण लावून जोडला, की पुढे तो करवतीनेच कापावा लागतो. काळ्या पॉलिएथिलीन नळाला मात्र तेच द्रावण लावले तर सांधा हाताने ओढताच सुटतो. म्हणून असे नळ उष्णतेने तोंडे वितळवून किंवा आटे असलेल्या जोडण्या बसवूनच जोडावे लागतात.

एक पदार्थ दुसऱ्याला धरून राहतो, या गुणास आसंजन म्हणतात. प्लॅस्टिकच्या बाबतीत आसंजन कमी का पडते, ते वाढविण्यासाठी वस्तू तयार झाल्यानंतर कोणते उपाय केले जातात, आणि वस्तू साच्यात आकार घेत असतानाच तिचा पृष्ठभाग कसा सुधारता येतो, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. लहान कारखानदाराच्या दृष्टीने हा विषय नफातोट्याचा आहे, कारण रंग किंवा मुलामा सुटलेला माल परत येतो. कामगाराच्या दृष्टीने तो आरोग्याचा आहे, कारण पृष्ठभाग सुधारण्याच्या काही जुन्या रीती विषारी रसायनांवर अवलंबून आहेत.

सचिन व त्याचा परिसर

सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबई–सुरत लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. मराठी इतिहासाशी त्याचा जुना संबंध आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळू मियाँ यांनी पेशव्यांशी झालेल्या करारान्वये जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला व त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळील गावे मिळून १७९१ साली सचिन संस्थान अस्तित्वात आले. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून हा प्रदेश गुजरात राज्यात आहे. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. महाराष्ट्राचे औद्योगिक विकास महामंडळही त्याच वर्षीचे. गुजरातच्या महामंडळाची एक मोठी औद्योगिक वसाहत सचिन येथे आहे. कापडाची रंगाई व छपाई, रसायने, यंत्रसामग्री असे नाना उद्योग या भागात चालतात. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे सुरत, उधना व सचिन या पट्ट्यात कामासाठी स्थायिक झालेली आहेत, आणि तेथील कारखान्यांत अहिराणी व मराठी नित्य कानी पडते.

सुरतेच्या जरीचा आणि महाराष्ट्राचा संबंध तर येवल्याच्या पैठणीमुळे घरोघर पोहोचलेला आहे. पैठणीसाठी लागणारी जर सुरतेहून येते. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. आज बाजारात मोठ्या प्रमाणावर दिसणारी स्वस्त जर मात्र प्लॅस्टिकची असते. पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ पडद्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमच्या वाफेचा थर बसवून, त्यावर रंगीत लाखेसारखा लेप देऊन त्याच्या बारीक पट्ट्या कापतात. धातूचा हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी पातळ असतो. तो पडद्याला घट्ट धरून राहिला तर काठ चकाकतो. आसंजन कमी पडले तर घडीवर, घामाने किंवा धुण्याने तो झडतो आणि काठ निस्तेज होतो. साडीच्या काठाची शोभा अशा रीतीने डोळ्यांना न दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या गुणावर अवलंबून असते.

थेंब काय सांगतो ?

चिकटण्याची पहिली अट ही, की गोंद किंवा रंग पृष्ठभागावर नीट पसरला पाहिजे. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरतो. पॉलिथीनच्या पिशवीवर तो अळूच्या पानावरील थेंबाप्रमाणे गोळा होऊन राहतो. द्रव व घन यांच्या सीमेवरील या कोनाचे गणित इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग याने १८०५ साली मांडले. द्रवाचे रेणू एकमेकांना जितक्या जोराने ओढून धरतात तितका त्या द्रवाचा पृष्ठताण अधिक. घन पदार्थाच्या पृष्ठभागातही दुसऱ्यास ओढून घेण्याची शक्ती असते. तिला पृष्ठऊर्जा म्हणतात. घनाची पृष्ठऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणाइतकी किंवा त्याहून अधिक असेल तर द्रव चांगला पसरतो.

पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे. त्याच मापाने पॉलिएथिलीनची पृष्ठऊर्जा सुमारे ३१, पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ३०, पॉलिएस्टरची सुमारे ४३ व नायलॉनची सुमारे ४६ भरते. न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो त्या टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा २० च्याही खाली असते. बादल्या, पोती, खुर्च्या, डबे यांसाठी सर्वांत अधिक वापरली जाणारी पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ही दोन्ही प्लॅस्टिके या यादीत तळाशी आहेत. त्यांचे रेणू केवळ कार्बन व हायड्रोजन यांचे बनलेले असून रंगाच्या किंवा गोंदाच्या रेणूंना पकडता येईल असे गट त्यांच्यात जवळजवळ नसतात.

पसरणे ही पहिली अट खरी, पण ती पुरेशी नाही. तैलरंग बादलीवर पसरलेला दिसतो, तरीही तो सुटतो. याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले असे, की साच्यातून निघालेला पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे रंगाला रुतून बसण्यास जागा मिळत नाही. दुसरे असे, की प्लॅस्टिकच्या अगदी वरच्या थरात कमी वजनाचे रेणू, घसरणीसाठी घातलेले मेणासारखे पदार्थ आणि साच्यात फवारलेले तेल जमा झालेले असते. रंग या दुबळ्या थराला चिकटतो आणि तो थरच प्लॅस्टिकपासून सुटतो. धुळीवर शेणसडा घातला तर पोपडा निघतो, तसाच हा प्रकार होय.

वस्तू तयार झाल्यानंतरचे उपाय

कारखान्यांत आजवर रूढ असलेले बहुतेक उपाय वस्तू साच्यातून बाहेर आल्यानंतर करावयाचे आहेत. जाड वस्तूवरून वायूची ज्योत क्षणभर फिरवितात. पातळ पडदा उच्च दाबाच्या विद्युत् विसर्जनातून नेतात; खताची व सिमेंटची विणलेली पोती छापण्यापूर्वी त्यांच्यावर हीच क्रिया केली जाते. काही ठिकाणी निर्वात पेटीत विद्युत्‌भारित वायूचा, म्हणजे आयनद्रायूचा, मारा करतात. या सर्व रीतींत ऑक्सिजन पृष्ठभागावरील रेणूंना जोडला जातो व पृष्ठऊर्जा वाढते. छपाईसाठी ती किमान ३८ पर्यंत न्यावी असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु हा परिणाम कायम राहत नाही. सुधारलेला थर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मंदावतो, म्हणून असा माल फार काळ साठवून नंतर छापणे तोट्याचे ठरते.

एबीएस या प्लॅस्टिकवर चकचकीत क्रोमचा मुलामा देण्याची रीत याहून निराळी आहे. मोटारींच्या जाळ्या, नळांच्या मुठी व शोभेच्या पट्ट्या अशा प्रकारे तयार होतात. या प्लॅस्टिकमध्ये रबराचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. क्रोमिक व सल्फ्यूरिक अम्लांच्या गरम मिश्रणात वस्तू बुडविली, की पृष्ठभागाजवळील रबर विरघळून तेथे सूक्ष्म खळगे पडतात आणि धातू त्यांत रुतून बसतो. पकड उत्तम मिळते, परंतु या अम्लातील षट्‌संयुजी क्रोमियम हे मानवात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे. त्याच्या वाफाऱ्याने नाकातील पडद्याला भोक पडते व त्वचेवर जखमा होतात. युरोपीय संघाने २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरास विशेष परवानगी आवश्यक केली आहे.

वापरून झालेल्या अम्लाचे काय करावयाचे, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे टँकरमधील टाकाऊ रसायन नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू पसरला व सहा कामगार मृत्युमुखी पडले. त्या घटनेचा प्लॅस्टिकच्या मुलाम्याशी संबंध नव्हता. परंतु औद्योगिक सांडपाणी चुकीच्या जागी गेले तर त्याची किंमत शेजारी काम करणाऱ्या माणसाला मोजावी लागते, हे तिने दाखवून दिले. जी क्रिया मुळातच टाकाऊ अम्ल निर्माण करीत नाही, तिचे महत्त्व यावरून लक्षात येईल.

साच्यात काय घडते ?

प्लॅस्टिकचे दाणे यंत्राच्या तापलेल्या नळकांड्यात मळसूत्राच्या साहाय्याने वितळविले जातात. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत हे तापमान साधारणतः २०० ते २६० अंश सेल्सिअस असते. तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलला जातो. साच्याची भिंत त्या मानाने थंड, सामान्यतः २० ते ६० अंशांच्या दरम्यान असते. भिंतीला टेकलेला थर सेकंदाच्या अल्प भागात गोठतो. आतला भाग सावकाश घट्ट होतो.

वस्तूचा पृष्ठभाग कसा असेल हे त्या क्षणीच ठरते. रस गरम व चंचल असताना त्याचे रेणू हालू शकतात, भिंतीवरील बारीक ओरखडाही उचलू शकतात आणि दुसऱ्या पदार्थात शिरू शकतात. गोठल्यानंतर यांतील काहीच सहजासहजी साधत नाही. ओल्या मडक्यावर नक्षी काढणे सोपे आणि भाजलेल्या मडक्यावर अवघड, हे कुंभाराला ठाऊक असते; साच्यातील उपायांचे तत्त्व तेच आहे.

साच्यातील पाच उपाय

पहिला उपाय साच्याच्या पोताचा. जेथे गोंद किंवा रंग लावावयाचा तेवढाच साच्याचा भाग वाळूच्या माऱ्याने, अम्लाने किंवा लेसर किरणांनी खरबरीत करतात. रस तो खरबरीतपणा जसाच्या तसा घेतो. त्यामुळे पकडीचे क्षेत्रफळ वाढते व गोंदास रुतण्यास जागा मिळते. मात्र पोत जितका खोल तितकी वस्तू साच्यातून ओढून काढणे कठीण. म्हणून दर ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे साच्याच्या भिंतीस सुमारे एक ते दीड अंश उतार अधिक ठेवतात. गोंद घट्ट असेल तर तो खळग्यांच्या तळाशी पोहोचत नाही, खाली हवा अडकते व सांधा उलट दुबळा होतो. ही काळजीही घ्यावी लागते.

दुसरा उपाय साच्याच्या भिंतीच्या स्वभावाचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हॅरल्ड शॉनहॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात असे दाखविले, की सोन्यासारख्या उच्च पृष्ठऊर्जेच्या धातूला टेकून गोठलेल्या पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग अधिक मजबूत होतो आणि त्यावर केलेला सांधा अधिक भार सोसतो. हवेकडे तोंड करून गोठलेल्या त्याच पॉलिएथिलीनला हा गुण येत नाही. भिंत कोणती व थंड होण्याचा वेग किती, यावर वरच्या थरातील रेणूंची मांडणी ठरते, हे या संशोधनातून स्पष्ट झाले.

तिसरा उपाय दाण्यांत मिसळावयाच्या द्रव्याचा. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब रेणूला मॅलेइक ॲनहायड्राइड या द्रव्याचे कलम करतात. तयार झालेला पदार्थ साध्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये शेकडा काही भाग मिसळतात. त्याचा मोठा भाग पॉलिप्रॉपिलीनशी एकजीव होतो, तर कलम केलेला गट काच, धातू, नायलॉन किंवा लाकडाचा भुसा यांना धरतो. खानदेशातून सुरतेस आलेला कामगार घरी अहिराणी व बाजारात गुजराती बोलून दोन्हीकडचा व्यवहार जमवितो, तसेच काम हा रेणू करतो. काचतंतू मिसळलेले मोटारींचे भाग आणि तेलाच्या पिशव्यांचे अनेक थरांचे पडदे यांत याच जातीच्या पदार्थांचा उपयोग होतो.

चौथा उपाय साच्यातच लेप किंवा पडदा ठेवण्याचा. वस्तू ओतण्यापूर्वी साच्याच्या भिंतीवर छापील पडदा बसवितात. गरम रस त्याला वितळवून आपल्याशी जोडून घेतो. लोण्याच्या व आइस्क्रीमच्या डब्यांवरील जे चित्र नखाने निघत नाही, ते बहुधा असे साच्यातच बसविलेले असते. काही वेळा भिंतीवर प्राथमिक लेप फवारतात व तो वस्तूबरोबर बाहेर येतो. काचतंतूंच्या होड्या बांधताना ओल्या राळेवर नायलॉनचे विणलेले कापड पसरून ठेवतात व राळ कडक झाल्यावर ते ओढून काढतात. खाली स्वच्छ व खरबरीत पृष्ठभाग उरतो आणि त्यावर पुढचा थर घट्ट बसतो. साच्यातील उपायांपैकी हा सर्वांत सोपा व कमी खर्चाचा म्हणता येईल.

पाचवा उपाय गरम असतानाच दुसरे प्लॅस्टिक चढविण्याचा. दात घासण्याच्या ब्रशची किंवा पेचकसाची मूठ आतून कठीण व बाहेरून मऊ असते. पहिला भाग पुरता थंड होण्यापूर्वी त्यावर दुसरा रस सोडला, तर सीमेवरील रेणू एकमेकांत गुंततात व गोंदाची गरज राहत नाही. यासाठी दोन्ही प्लॅस्टिकांची जात जुळावी लागते. पॉलिप्रॉपिलीनवर त्याच्या जातीशी जुळणारे मऊ प्लॅस्टिक बसते. नायलॉनसाठी केलेले मऊ प्लॅस्टिक त्यावर बसत नाही.

मुलाम्याची गुणवत्ताही साच्यातच ठरते

एबीएसवर क्रोमचा मुलामा द्यावयाचा असेल, तरी त्याचे निम्मे यश ओतकामात आहे. रस फार वेगाने व थंड साच्यात सोडला, तर पृष्ठभागाजवळील रबराचे गोळे ताणले जाऊन चपटे होतात आणि अम्लाने पडणारे खळगे उथळ राहतात. त्याचबरोबर वरच्या थरात ताण कोंडला जातो, व उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फरकाने मुलामा फुगून सुटतो. म्हणून मुलाम्याचा माल ओतताना दाणे पूर्ण कोरडे करणे, रस सावकाश सोडणे, साचा अधिक उबदार ठेवणे व साच्यात सिलिकोनचा फवारा मुळीच न वापरणे, हे नियम पाळले जातात. मुलामा देणाऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी ओतकामाची नोंदवही पाहणे इष्ट होय.

लहान कारखान्यासाठी सूचना

मोठ्या उपकरणांवाचूनही पुढील दक्षता घेता येते :

१. वस्तू नेमक्या कोणत्या प्लॅस्टिकची आहे याची खात्री करावी. पुनर्वापराच्या दाण्यांत अनेक जाती मिसळलेल्या असतात व एकाच दिवसाच्या मालात आसंजन कमीजास्त होते.

२. ज्या यंत्रावरील माल रंगवावयाचा किंवा चिकटवावयाचा असेल, त्याच्या आसपास सिलिकोनचा फवारा ठेवू नये. शेजारच्या यंत्रावर केलेला फवाराही हवेतून येऊन बसतो.

३. माल उघड्या हातांनी हाताळू नये. बोटांचे तेल पुरेसे नुकसान करते.

४. पृष्ठभागाची तपासणी रोज करावी. पाण्याचा थेंब ठेवून तो पसरतो की गोळा होतो हे पाहावे.

५. रंग पूर्ण वाळल्यावर धारदार पात्याने १ मिलिमीटर अंतरावर ११ उभ्या व ११ आडव्या रेघा ओढाव्यात. तयार झालेल्या १०० चौकोनांवर चिकटपट्टी दाबून ती झटक्याने ओढावी व किती चौकोन उखडले ते मोजून लिहून ठेवावे.

६. तापमान, रस सोडण्याचा वेग व दाण्यांचा लॉट यांची नोंद या आकड्याशेजारीच करावी. माल का बिघडला, याचे उत्तर बहुधा त्या दोन नोंदींच्या मेळातच सापडते.

अधिक तपासणी किंवा प्रशिक्षण हवे असल्यास, १९६८ साली चेन्नई येथे स्थापन झालेल्या केंद्रीय पेट्रोरसायन अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेची केंद्रे अहमदाबाद व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. बहुवारिकांच्या संशोधनाची परंपरा १९५० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व १९३३ साली स्थापन झालेल्या, मुंबईत माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेत चालत आलेली आहे.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

एकाच प्लॅस्टिक डब्याची तीन झाकणे घ्यावीत. पहिले साबणाने धुऊन कोरडे करावे. दुसरे धुऊन बारीक पॉलिश कागदाने घासावे. तिसऱ्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून ते कोरड्या कापडाने पुसावे. तिन्हींवर पाण्याचे सारखे थेंब ठेवून त्यांचा आकार वहीत काढण्यास सांगावे. थेंब टिपून झाकणे सुकल्यावर तिन्हींवर एकच रंग लावावा व दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीने ओढून पाहावा. घासलेल्या झाकणावर रंग अधिक टिकतो व तेलकट झाकणावर सर्वांत कमी, असे आढळेल. पुसल्यानंतर डोळ्यांना न दिसणारे तेलही परिणाम करते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर या प्रयोगातून चांगली ठसते.

मर्यादा

साच्यातील उपाय सर्वत्र लागू पडतील असे नाही. साचा नव्याने घडविणे खर्चाचे असते व थोड्या मालासाठी तो खर्च परवडत नाही. तेथे ज्योतीचा किंवा विद्युत् विसर्जनाचा उपायच योग्य. दुसरी अडचण पुनर्वापराची आहे. जो लेप कधीच सुटत नाही तो वस्तू भंगारात गेल्यावरही सुटत नाही, आणि रंग किंवा धातू लागलेले प्लॅस्टिक पुन्हा चांगल्या कामाला येत नाही. चित्राचा पडदा डब्याच्याच जातीच्या प्लॅस्टिकचा घेतल्यास ही अडचण पुष्कळशी कमी होते. वस्तू किती दिवस वापरावयाची आणि नंतर ती कोठे जाणार, याचा विचार साचा घडविण्यापूर्वी झाला, तर पकड किती घट्ट असावी हेही त्याच वेळी ठरविता येते.